शेवंतीच्या कुंपणाला माणसाचे केस

हसायचं तर हसा, पर आधी चहाची बशी खाली ठेवा. अंगावर सांडली तर मला बोल लावू नका! मी जे केलं ते कुण्या शहाण्यानं केलं नसतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. कुरुंद्याला घरामागं माझी परसबाग व्हती. त्या साली सगळी शेवंती लावली. काहून? तर आमच्या वच्छीचं पहिलं डोहाळजेवण! लेकीला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवायचं, ही माझी हौस. बायको तिला आणायला गोरेगावला गेलेली. घरात मी एकटा, आन् एकटा असलो की माझ्या डोक्यात नको ते शिरतं.

एक दिवस जवळाबाजारहून बाजार करून आलो, तर काय! कुंपणाला हात-हात अंतरावर चिंध्यांच्या पुरचुंड्या लटकलेल्या. एक सोडून बघितली. आत माणसाचे केस! काळे, पांढरे, सगळे मिसळलेले.

मी टुणकन मागं उडी मारली. भानामती! दुसरं काय?

आता भानामतीचं नाव तोंडातून काढू न्हाई म्हणतात, काढलं की ती आणखी चेकाळते. म्हणून कुणाला चकार शब्दानं विचारलं न्हाई. नुसती नजर ठेवली. संशय कुणावर? शेजारच्या नामदेववर! आमच्या दोघांच्या बागा एकाच कुंपणात. त्याच्या बाजूलाबी पुरचुंड्या व्हत्या. लबाड लेकाचा! आपल्यावर आळ येऊ नये म्हणून स्वतःकडंबी बांधल्या, असं मी ताडलं.

सांजच्याला तो पिठलं-भाकर घेऊन आला.

"दादाराव, वहिनी न्हाईत. उपाशी झोपू नका."

"तू जेवला का ह्यातलं?"

"व्हय. काहून?"

"सहज!"

भाकर कुत्र्याला घातली आन् ते मरतं का बघत बसलो. त्यानं शेपूट हलवून आणखी मागितली. म्हणलं, कुत्र्यावर मंत्र चालत नसंल.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला माझ्या बाजूच्या सगळ्या पुरचुंड्या काढल्या, अंगणात पेटवल्या, वर मूठभर मिरच्या टाकल्या. काय तो वास! अख्खी गल्ली खोकून राहिली. मी मात्र निवांत झोपलो.

सकाळी परसात गेलो, तर शेवंतीचे नुसते खुंट! मातीत हरणांच्या खुरांचे ठसे. डोहाळजेवण दोन दिवसांवर, आन् लेकीला एक फूल न्हाई. रडूच आलं हो!

नामदेव धावत आला. "दादाराव, केस कुठं गेले?"

"म्हंजे तूच बांधले व्हते?"

"मंग कोण बांधील? माणसाचा वास आला की हरीण जवळ फिरकत न्हाई. गंगाराम न्हाव्याकडून पोतंभर आणले, दोघांच्या बागेला पुरवले. तुमी बाजारला गेलते. म्हणलं, आल्यावर दिसंलच!"

दिसलं की! चांगलं दिसलं!

सगळं कबूल केलं. तो पोट धरधरून हसला. मंग म्हणला, "रडू नका. माझी शेवंती हाये ना! वच्छी मला परकी हाये का? पर तुमच्या बाजूनं कुंपण उघडं पडलं. आता हरणं तिकडून माझ्यात घुसतील. आधी केस आणा."

दोघंबी पळत न्हाव्याकडं गेलो. गंगारामनं हात झाडले.

"आज शनवार, मालक. डोई करायला कोण येतंय? केस काय माझ्या घरी पिकतात?"

मी नामदेवकडं बघितलं. त्याच्या टकलावर लख्ख उजेड. मंग ते दोघं माझ्याकडं बघाय लागले.

बसलो पाटावर. काय करता?

"मिशीबी घेऊ का?" गंगारामनं विचारलं. "चांगली झुबकेदार हाये."

"घे बाबा, घे!"

माझे केस कुंपणाला लटकले, आन् नामदेवची फुलं वाचली. सोमवारी वच्छी शेवंतीचे बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी घालून झोपाळ्यावर बसली. पोरगी अशी गोड दिसली की माझे डोळे भरून आले. तेवढ्यात व्याही आले, आन् माझं गुळगुळीत डोकं, साफ मिशी, ओले डोळे बघून दारातच थबकले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणले, "दादाराव, घरात कुणी वारलं काय? निरोप तरी धाडायचा!"

"वारली ना," मी म्हणलं. "माझी अक्कल. परवाच गेली."