गंजलेले गळ

बारा नोव्हेंबर. लुअरचे, म्हणजे नकली माशांचे, जुने गळ काढून नवे बसवायचे होते. परवाची गाडी होती. कोकणात बदली झालेल्या माझ्या भावाकडे आबांना घेऊन जायचं होतं, खाडीच्या तोंडाशी जिताडा धरायला. मागच्या वर्षी आबांनी एक जिताडा अगदी खडकापर्यंत आणला आणि तिथे तो सुटला. गोदावरीत मरळीला चालणारा बारीक गळ त्या माशाने सरळ करून टाकला होता. आबा म्हणजे माझे वडील, आता बाहत्तरचे. वर्षभर दुसरा विषय नव्हता.

डबा उघडला. सगळे गळ गंजून तांबडे. प्रत्येक लुअर कडक प्लास्टिकचा, पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचा गळ. मागच्या वर्षी खाडीवरून परतताना आम्ही ते फडक्याने पुसून डब्यात ठेवले होते. नदीवर तेवढंच करतो, कधी काही होत नाही. खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढावं लागतं, हे नांदेडात कोण सांगणार?

मी वर्तमानपत्रावर लुअर मांडले आणि निवडायला लागले. तिथे तळाशी खडक आहेत, म्हणून बुडणारे बाजूला काढले. तरंगणारा ओढणं थांबवलं की वर येतो, खडकात अडकत नाही. तोंडापुढची प्लास्टिकची पट्टी आखूड असेल तो लुअर वरच्या वर चालतो, लांब असेल तो खोल जातो. खाडीचं पाणी गढूळ, म्हणून एक पिवळा, एक नारिंगी. पाणी निवळलं तर चंदेरी. प्रत्येक लुअर हौदात ओढून पाहिला. एक आडवा होऊन गरगरत होता, तो परत डब्यात टाकला.

आबा बाजेवर बसून बघत होते. नारिंगी आणि चंदेरी लुअरचे गळ एकमेकांत अडकले होते. मी पक्कड आणायला आत गेले. "पक्कड कशाला लागतीय एवढ्याला," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी हिसडा मारला.

बाहेर आले तर नारिंगी लुअर त्यांच्या अंगठ्याला लटकत होता. पोटाच्या गळाचा एक काटा मांसात गेला होता. शेपटीचा गळ मनगटाजवळ झुलत होता आणि आबा हात झटकत होते.

मी त्यांचं मनगट पकडलं. हलू नका म्हटलं. आधी शेपटीचा गळ लुअरच्या कडीतून काढला, मग पोटाचा. लुअर खाली पडला. गळ अंगठ्यात तसाच राहिला. त्याच्या टोकाला उलटा काटा असतो, मागे ओढला की मांस फाडतो. आबा म्हणाले, पक्कडीने ओढ, मी काय लहान हाव? मी ओढला नाही. सहा महिन्यांपासून त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. अंगठ्याभोवती फडकं गुंडाळलं आणि ऑटो थांबवला.

ऑटोत त्यांनी आवाज खाली आणला. "त्या गोळीचं सांगू नको, माय. डॉक्टर जाऊ देणार न्हाई."

मी त्यांचा अंगठा दाबून धरला. फडकं हळूहळू भिजत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? आबा लगेच म्हणाले, बीपीची, एकच. आणि माझ्याकडे बघायला लागले.

"रक्त पातळ करायची पण आहे," मी म्हणाले.

आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. डॉक्टरांनी हातातली सुई ठेवली, गोळीचं नाव विचारलं, डोस विचारला, मग अंगठा बधिर केला. काटा पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, उलटा काटा कापला आणि उरलेला गळ मागे घेतला. त्यानंतर मी कापूस दाबून बसले. काढला की रक्त, परत दाबायचा. चौथ्यांदा काढला तेव्हा थांबलं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. तीन आठवडे पाण्यात हात नाही, खाऱ्या पाण्यात तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

 रात्री जेवताना आबा डाव्या हाताने भाकर मोडत होते. म्हणाले, "गप बसली असतीस तर काय झालं असतं?"

"कापूस किती वेळा बदलला ते बघितलं ना तुम्ही?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उद्याची तिकिटं रद्द केली आणि तीन आठवड्यांनंतरची काढली. भावाला फोन केला. मग बादलीत गोडं पाणी भरून लुअर धुतले, गंजलेले गळ तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण दाबलं, आणि नवे जाड गळ घेऊन बसले. प्रत्येकाचे तिन्ही उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट केले.

आबा बाजेवरून म्हणाले, अशानं मासा सुटतो.

दोरी सैल सोडली तर सुटतो, तुम्ही ताण धरा, असं सांगून मी पुढचा गळ घेतला.