बांधाच्या पोटातली माती

हरणाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण माती ओळखता येत होती. चिमूटभर माती बोटांत चोळून ती कुठल्या रानातली हे ती सांगायची, आणि तिला खोटं पाडायला गेलेले तोंडघशी पडायचे. कवठे महांकाळच्या पूर्वेला, जिथं ओढे वर्षातले दहा महिने नुसते नावाला असतात, तिथल्या धनगरवस्तीवर तिचा जन्म मेंढरांमागं गेला. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. मग तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि सरकारी कामावर पाटी उचलली.

काम होतं पाझर तलावाचं. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवायचं, म्हणजे ते जमिनीत मुरून खालच्या विहिरींना पाझरेल. बांधाखालून पाणी निसटू नये म्हणून आधी खडक लागेपर्यंत एक लांब चर खणायचा आणि त्यात काळी माती ठोकून भरायची. त्या माळावर काळी माती औषधालासुद्धा नाही, म्हणून ती दोन मैलांवरच्या गावतळ्यातून आणली. चर खणताना जुन्या ओढ्याच्या जागी सहा फुटांवरही वाळूच लागत होती. हरणाबाई मुकादमाला म्हणाली, "आजून वाळूच हाय की. खडक कुटं लागलाय?" मुकादमानं नकाशावर बोट आपटलं. नकाशात चर या टोकापासून त्या टोकापर्यंत सहाच फूट होता, सरळ पट्टीनं ओढलेला. ज्या शहाण्यानं तो ओढला, त्यानं ओढा बहुधा कागदावरच पाहिला असावा. सहा फुटांवर खणणं थांबलं आणि वाळूवर काळी माती पडली.

त्र्याहत्तरला हस्ताच्या पावसात तलाव भरला. हरणाबाई बांधावर चढली आणि बघतच राहिली. एवढं पाणी तिनं उभ्या जन्मात एका जागी पाहिलं नव्हतं. सगळं आभाळ त्यात मावलं होतं, आणि पलीकडचा काठ दिसायला तिला कपाळावर हात धरावा लागला. आपण कामावर मिळणारी सुकडी खाऊन मान मोडून पाट्या वाहिल्या, त्यातून हे उभं राहिलं, यावर तिचा विश्वासच बसेना. तिनं चपला काढल्या आणि पाण्याला हात जोडले.

आठवड्यानं बांधाच्या खालच्या अंगाला, जुन्या ओढ्याच्या वाटेवर, मनगटाएवढा झरा फुटला. वस्ती हरखली. बायकांनी झऱ्याची ओटी भरली, नारळ वाढवला. झऱ्याला लागूनच वस्तीवरच्या भाऊसोची विहीर होती, ती काठोकाठ झाली. भाऊसो मिशीला पीळ देऊन ज्याला त्याला सांगायचा, "नावच पाझर तलाव. पाझरंल न्हाई तर काय करंल?" त्या एका शब्दानं अख्ख्या वस्तीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. बांध गळतोय असं कुणी म्हटलं असतं, तर लोक धावत सुटले असते. पाझरतोय म्हटल्यावर लोकांनी हळदीकुंकू वाहिलं.

हरणाबाईनंही झऱ्याची घागर भरून आणली. सकाळी घागर पालथी करताना तळाशी बोटभर गाळ निघाला. तिनं तो चिमटीत चोळला आणि तिचा हात थांबला. चिकट, नखात रुतून बसणारी काळी माती. चार महिने हीच माती तिच्या डोक्यावरून गेली होती. दुसऱ्या दिवशी गाळ दोन बोटं निघाला. बांधाखाली चौदा घरं होती, आणि त्यातल्या एका घरात तिची लेक शालूबाई बाळंतीण होती.

त्याच दिवशी सरकारी खात्याचा ओव्हरसियर कृष्णात पाण्याची मोजणी करायला आला. उंब्रजकडचा, ऊसवाल्या घरातला, नुकताच नोकरीला लागलेला माणूस. तिचं ऐकून तो हसला. "आजी, पाझर तलाव म्हटल्यावर पाझर आलाच की."

"पाझर निवळ असतुया, सायब." तिनं गाळ त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्यो हितल्या रानातला न्हवं. बांधाच्या पोटातला हाय. म्या वाहिलाय."

कृष्णातनं हातातल्या मातीकडं पाहिलं, माळाच्या पांढऱ्या मुरमाकडं पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं. "चरात वाळू कुठं लागली होती?" त्यानं विचारलं. हरणाबाई बांधावरून चालत गेली आणि बरोबर झऱ्याच्या डोक्यावर उभी राहिली.

पाणी चराखालच्या वाळूतून वाट काढत होतं आणि जाता जाता वरची काळी माती पोखरत होतं. बांध वरून धडधाकट दिसत होता आणि आतून पोकळ होत चालला होता. तीन वर्षं पुस्तकं वाचून जे आपल्याला दिसलं नाही, ते या बाईच्या बोटांना कळलं, हे पाहून कृष्णात थक्क झाला. तो म्हणाला, "सांडव्याकडचा, जादा पाणी घरांना वळसा घालून जातं तिथला मुरूम खोल फोडा आणि तलाव रिकामा करा. हुकमाची वाट बघितली तर चार दिवस जातील. जाब मी देईन."

कुणी टिकाव उचलेना. भाऊसो सांडव्यात आडवा उभा राहिला. "दोन वर्सं आमच्या बायकांनी मैलावरनं घागरी वाहिल्या. आन आता भरलेलं तळं फोडायचं? चिमूटभर मातीवर?"

त्याचं चुकत होतं असं कोण म्हणेल? हरणाबाईनं एकदा भरल्या तळ्याकडं पाहिलं. "भाऊसो, मला काय ह्ये पानी नकोय व्हय रं?" ती म्हणाली आणि तिनंच पहिला टिकाव घातला. ती रडत होती आणि खणत होती. मग तिच्या टोळीतल्या बायका एकेक करून खाली उतरल्या. भाऊसो शिव्या घालत बाजूला झाला. दिवस मावळायच्या आत सांडव्यातून पाणी धो धो निघालं आणि दोन दिवस जात राहिलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बांध मधोमध खचला. बैलांसकट गाडी गडप होईल एवढा खड्डा पडला. तलावात राहिलं होतं ते गुडघाभर पाणी त्यातून सुटलं, भाऊसोच्या विहिरीत शिरलं, ती काठापर्यंत चिखलानं भरली आणि पाणी तिथंच जिरलं. चौदा घरांच्या उंबऱ्याला थेंबही लागला नाही.

भाऊसो धावत आला. त्यानं खड्डा बघितला, विहीर बघितली आणि तो विहिरीच्या काठावर बसला. हरणाबाई त्याच्याजवळ गेली. त्यानं विहिरीकडं बोट केलं.

"आक्का, रोज ह्या वक्ताला माजी तिन्ही पोरं ह्या हिरीत पवत असत्यात. तुमी तळं फोडलं, हिरीचं पानी उतरलं, म्हनून आज रुसून घरात बसल्यात."

हरणाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघंही त्या चिखलाकडं बघत बसून राहिली.