गल्लीखालचा आखूड पाइप

आमची डोंबिवलीची खोली नाल्याकाठी आहे. बैठी चाळ, त्यात शेवटून दुसरी. बायको गेली त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून मी घोडबंदर रोडला लेकीकडे अठराव्या मजल्यावर राहतो. खोली बंद आहे, पण आहे. ती आहे तोवर बायको पुरती गेली नाही असं मला वाटतं. कोणाला हसायचं तर हसा.

लेक पावसाच्या पाण्याच्या गटारांचं काम करते. गटारात उतरत नाही, कॉम्प्युटरवर करते. आधी कॉम्प्युटरमध्ये पाऊस पाडायचा आणि पाणी कुठे तुंबतं ते बघायचं. यंदा तिच्या वाट्याला आमचाच नाला आला. पाणी खोल्यांत शिरतं असं निघालं तर नाला रुंद करायचा आणि आमची रांग तोडायची. नाही शिरलं तर रांग राहणार. जेवताना वरण वाढता वाढता तिने हे सांगितलं. मी म्हटलं, मग नाही शिरत म्हणून लिही की. तिने भात पुढे सरकवला.

मी सातवी नापास माणूस. रंगाच्या कंपनीत पिंपं ढकलण्यात जन्म गेला. आता दिवसभर काम काय? ती घरून काम करायची तेव्हा तिच्या मागे खुर्ची टाकून बसायचो. स्क्रीनवर आमच्या नाल्यातल्या पाण्याची निळी रेघ. पाऊस वाढला की चढायची, ओसरला की उतरायची. पण आमच्या गल्लीपाशी आली की येडी व्हायची. वरखाली, वरखाली, करवतीच्या दातांसारखी. मी विचारलं, हिला फिट आली का? ती हसली आणि खुर्ची वळवून मला समजवायला बसली.

कॉम्प्युटर पाण्याकडे सलग बघत नाही म्हणे. एकदा बघतो, मग थोडा वेळ डोळे मिटतो, मग पुन्हा बघतो. त्या मधल्या वेळेला ती टाइम स्टेप म्हणते. ती केवढी ठेवायची हे माणसाने ठरवायचं. तिच्या साहेबाने अर्ध्या मिनिटाची ठेवायला सांगितलेली, काम लवकर उरकतं म्हणून. लांब पाइपांना ते चालून जातं. आमच्या गल्लीखालून नाला पाइपातून जातो, तो पाइप पडला आखूड. अर्ध्या मिनिटात पाणी त्यातून पार पुढे गेलेलं असतं. कॉम्प्युटर डोळे उघडतो तर पाइपाच्या तोंडाशी असलेला चेंबर काठोकाठ. मग घाबरून गरजेपेक्षा जास्त पाणी पुढे ढकलतो. पुन्हा बघतो तर चेंबर रिकामा. मग मागे ओढतो.

"आई विसण घालायची ना, बाबा," ती म्हणाली. "हे तुम्ही घालायचात तसं झालंय."

वर्षभरात हा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. इथे बाथरूममध्ये एक दांडा आहे, एकीकडे फिरवला की गरम, दुसरीकडे गार. इथे विसण कोण म्हणणार?

चाळीत स्टोव्हवर पाणी कढत करायचं, बादलीत ओतायचं आणि गार पाणी घालून अंगाला सोसेल असं करायचं. ते विसण. मी कंपनीतून आलेलो असायचो, कोपरापर्यंत हात गुलाबी नाहीतर हिरवे. भूक लागलेली. गार पाण्याचा अख्खा तांब्या उपडा करायचो. पाणी थंडगार. मग कढत ओतायचो, हात भाजायचा. परत गार. बादली वाहायला लागायची, मोरी भरायची, आणि आंघोळीजोगं पाणी काही व्हायचं नाही. लेक दारात उभी राहून टाळ्या पिटायची. मग बायको पदर खोचून यायची.

"सरा तिकडे. पाणी काय पळून चाललंय?"

डावा हात पाण्यात, उजव्या हाताने बारीक धार. थोडं घालायचं, हात फिरवायचा, बघायचं, परत थोडं. बांगड्या बादलीला लागून वाजायच्या. लेकीचं घंगाळ लहान, त्यात तर नुसत्या ओंजळीने घालायची. भांडं लहान की एवढ्यातेवढ्याने बिघडतं, म्हणायची. थंडीत त्या मोरीत वाफ धरायची आणि मला त्या वाफेत तिची नुसती पाठ दिसायची. तसं गरम पाणी मला परत मिळालं नाही. दांडा कितीही फिरवा.

असो. त्या येड्या रेघेचंही एक उत्तर होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं. पाणी उंबऱ्याच्या वीतभर खाली थांबत होतं. खोली वाचत होती. मी लेकीला म्हटलं, झालं की मग. तिने मला दाखवलं, पावसाचं ओतलेलं पाणी आणि शेवटी सापडलेलं पाणी जुळत नव्हतं. बरंचसं कुठेतरी हरवलेलं.

"पाणी हरवत नाही, बाबा."

तिने दोन-दोन सेकंदांची स्टेप लावली. कॉम्प्युटर दुपारभर घरघरत होता. मी तीनदा चहा केला, एकदा उतू घालवला. संध्याकाळी रेघ आली, टेकडीसारखी, एकही दात नाही. पाण्याचा मेळ बसला. तिने स्टेप आणखी निम्मी करून पाहिली. उत्तर हललं नाही. म्हणजे आता आणखी बारीक करून नुसता वेळच जाणार.

"कुठवर येतं?" मी विचारलं.

"उंबऱ्याच्या वर. स्वयंपाकाच्या ओट्याच्या खाली."

माझ्या डोळ्यांसमोर ते पाणी आलं. लेक लहान असताना एकदा तेवढंच आलेलं. हिच्या आईने हिला खाटेवर ठेवलं, तांदळाचा डबा हिच्या मांडीवर दिला आणि स्वतः पाण्यात उभी राहिली. आता आमच्या शेजारी, शेवटच्या खोलीत पाळणा आहे. मी बंद खोलीसाठी भांडतोय आणि तिथे पाळणा आहे.

"साहेबाला पाठव," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"मला काय विचारतेस? पाणी येतंय ना? मग पाठव."

तिने पाठवलं. मग मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो आणि ती बराच वेळ तिकडे आली नाही, हे तिने बरं केलं.

दोन दिवसांनी विचारलं, तोडणार कधी? एवढ्यात नाही, कागद फिरायला वेळ लागतो, ती म्हणाली. मग तोवर मी तिथे राहतो, म्हटलं. ती चिडली. गुडघे, जेवण, एकटेपणा, सगळं काढलं. शेवटी एका अटीवर तयार झाली, पावसाच्या आत परत यायचं.

हे त्याच खोलीत बसून लिहितोय. पावसाला अजून अवकाश आहे. आल्या आल्या शेवटच्या खोलीतल्या पोरीला सगळं सांगितलं, पाणी कुठवर येणार, रांग जाणार, पावसाळ्यात पोराला घेऊन माहेरी जा. तिने नीट ऐकून घेतलं.

"एवढं माहीत असून तुम्ही कशाला आलात, काका?"

"राहायला," मी म्हटलं.