घडीच्या गाडीचा गारवा

श्री. जगदेवराव, राहणार देवास. माजी दारोगा, फराशखाना. विलीनीकरणोत्तर काळात सरदार मानसिंगराव यांजकडील फिरत्या निवासाच्या शीत व विद्युत व्यवस्थेचे प्रभारी (हंगामी). वर्ण सावळा, मिशा दरबारी, वैशाखातही बंद गळ्याचा कोट. विशेष अर्हता : तंबूची दिशा कधीही न चुकणे. विजेचे ज्ञान : दिवा लावता येतो.

नेमणुकीच्या नोंदीचा हा मसुदा जगदेवरावांनी स्वतःच मनातल्या मनात तयार केला होता. शेवटचं वाक्य मात्र त्यांच्या पत्नीचं, मालनबाईंचं. ते त्यांना खोडता आलं नव्हतं, कारण खरं होतं.

संस्थान विलीन झालं तेव्हा हत्ती आणि तोफा सरकारजमा झाल्या. फराशखान्यातले तंबू वाळवीने त्याआधीच विलीन करून घेतले होते. उरले जगदेवराव. जमा करून घ्यायला त्यांना कोणी आलं नाही, म्हणून मानसिंगरावांनी ठेवून घेतलं. सरदारांनी महूच्या लष्करी लिलावातून एक घडीची गाडी आणली होती. जीपमागे जोडायची, मुक्कामावर दोन्ही बाजू ओढायच्या, की आतून कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहत आणि चाकांवर खोली तयार होई. तंबू तो तंबूच, पण खुंट्या नाहीत. जगदेवरावांना तो आपला व्यक्तिशः अपमान वाटला. मग आठवलं की अपमान करून घ्यायलाही हुद्दा लागतो.

सरदारांच्या आई, माईसाहेब, नर्मदास्नानाला खलघाटला निघाल्या होत्या. वाटेत धामनोदला दुपारचा मुक्काम. डाकबंगल्यात उतरायचं नाही, कारण तिथे कोंबडी शिजते.

"जगदेवराव, धामनोदला दुपारी झाडावरची पाखरं खाली पडतात," सरदार म्हणाले. "माईसाहेबांना त्या गाडीत गार झोप लागली, तर तुम्ही कायम. नाही तर एवढ्याशा गाडीला दारोगा कशाला? ड्रायव्हर पुरे."

जगदेवराव गारव्याचा अभ्यास करायला इंदूरला गेले. तिथल्या एका थिएटरात थंड हवा सोडत. ते एकाच चित्रपटाला लागोपाठ दोनदा बसले.

"काय पाहिलंत?" मालनबाईंनी विचारलं.

"हवा."

"दोनदा?"

"पहिल्यांदा डोळा लागला."

हवा थंड करणारं यंत्र त्यांनी एका दुकानात पाहिलं. कपाटाएवढं होतं, आणि ते चालवायला लागणारं इंजिन पिठाच्या गिरणीत शोभेल असं. दुकानदाराने गाडीचं वर्णन ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भिया, गाडी इसको नहीं खींचेगी. ये गाडी को खींचेगा." मग पंख्यापुढे बर्फाची लादी ठेवायची, असं ठरलं. ती लादी इंदूरहून देवासला येईतो पोत्यातला ओला भुसा तेवढा शिल्लक राहिला. अखेरीस जगदेवराव आजोबांच्या विद्येवर परतले : वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी. पण नुसती ताटी लावायला शीत व विद्युत प्रभारी कशाला हवा? विजेचं काही तरी पाहिजेच. म्हणून त्यांनी ताटीच्या आत टेबलपंखा बसवला आणि तो चालवायला पलटणीचा जुना पेट्रोल जनरेटर घेतला. आकार बकरीचा, आवाज रेड्याचा.

धामनोदला रस्त्याकडेच्या माळावर त्यांनी गाडी उलगडली. दार पूर्वेला, महाराजांच्या, म्हणजे हुजुरांच्या, तंबूचं असे तसं. ताटी पश्चिमेला, कारण लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, तिकडून येते. राहिला जनरेटर. दरबारी मुक्कामाचा नियम असा की पुढे निशाण आणि पहारा. मागे जे जे ओरडतं, घाण करतं आणि खातं ते सगळं : घोडे, मुदपाकखाना, नोकरमाणसं. जनरेटर तिन्ही करत होता. जगदेवरावांनी तो बिनचूक मागे ठेवला आणि मिशीवरून हात फिरवला.

पंखा सुरू झाला. आत खरंच गार वाटू लागलं. मग खोकला ऐकू आला.

"जगदेव!" माईसाहेबांनी आतून हाक मारली. "गार आहे हो. पण यात वाळा कमी आणि मोटार जास्त झालीय!"

त्या दारात आल्या. नाकपुड्यांना काजळी लागली होती. जनरेटरचा सगळा धूर लूवर बसून ताटीत शिरत होता आणि पंखा त्याला आदराने आत घेत होता. पूर्वीही मुदपाकखान्याचा धूर हुजुरांच्या तंबूत असाच जात असला पाहिजे, हे जगदेवरावांना वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या क्षणी कळलं. पण हुजुरांना धूर लागतो असं सांगायला तेव्हा कोणाची नेमणूक नव्हती.

"ते धूड पुढे आणा," आईला पोचवायला बरोबर आलेले सरदार म्हणाले.

"दारासमोर, सरकार?"

"मग?"

"तिथे निशाण असतं."

"कुठलं निशाण? ते केव्हाच सरकारजमा झालं."

"निशाण झालं, सरकार. जागा झालेली नाही."

आपण काय बोललो ते जगदेवरावांना ऐकू आलं. चार पावलं जनरेटर ओढला असता तर नोकरी कायम होती, आणि हा शहाणा, नसलेल्या निशाणाच्या मानासाठी, उन्हात छाती काढून उभा. हसू येत होतं. पाय मात्र हलेना.

सरदारांच्या कपाळावर आठी चढली. तेवढ्यात माईसाहेब म्हणाल्या, "त्याला पुढेही नको नि मागेही नको. बंद करा. हा वारा काय फुकट वाहतोय? जगदेव, पाणी मारा."

जनरेटर बंद झाला. लू सरळ ताटीतून आत गेली आणि वाळ्याचा वास सुटला. जगदेवराव बंद गळ्याच्या कोटात, पश्चिमेच्या उन्हात, विहिरीपासून ताटीपर्यंत एका बादलीने खेपा घालत राहिले. आतून माईसाहेबांचं घोरणं येऊ लागलं तेव्हा त्यांनी कोटाचं वरचं एक बटण काढलं.

"झोपल्या," सरदार हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही कायम. हुद्दा तोच राहू द्या."

जनरेटर धामनोदच्याच एका ढाबेवाल्याला देऊन टाकला, आणि जगदेवरावांना दुसरी बादली मिळाली.