बाबाच्या दाढीचा ब्रश

हे माझ्या भावालाही माहीत नाही. तुम्हाला सांगते — आणि सांगतानाही डोकं तापलेलंच आहे.

दाढीचा ब्रश मऊ कसा राहतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. दाढी झाली की साबण पूर्ण धुवायचा, ब्रश झटकायचा, वाळवायचा. वापरायच्या आधी कोमट पाण्यात भिजवायचा. कडक करायचा असेल तर — यातलं काही करायचं नाही.

बाबाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आई आधीच वारलेली, भाऊ नागपुरात नोकरीला. सौंदडच्या घरात मी एकटी — नवऱ्याला सोडून आलेली. याच बाबाने गोंदियातलं माझं नर्सिंग अर्ध्यावर सोडायला लावून लग्न लावलं होतं. मार खाऊन पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा दारातच म्हणाला, "काऊन आलीस? नवरा मारते त काय झालं?" आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. माझ्या कानातून रक्त येत होतं. त्या कानाने मला अजून ऐकू येत नाही. राग येणार नाही?

पण रागाचं मी काय केलं — ते सांगायचं आहे.

ब्रश धुवायचीच नाही. साबणासकट उन्हात ठेवायची. केस काट्यासारखे व्हायचे. मग पाण्याचा जरासा हात लावून तो बाबाच्या गालावर घासायची — डाव्या गालावर. तिकडे त्याला सगळं कळत होतं. डोळ्यातून पाणी यायचं. मी घासत राहायची. शेजारणी म्हणायच्या, "पोरगी असावी त अशी." मी मान खाली घालायची. लाजून? छे — मजा वाटायची मला.

पुढे बाबाला एखाददुसरा शब्द येऊ लागला. दिवाळीला भाऊ आला, ब्रश हातात घेऊन म्हणाला, "ताई, हा असा कडक काऊन झाला वो?"

"इकडचं पानी खारट हाये ना," मी म्हटलं.

भावाने बाबाकडे पाहिलं. बाबाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ जीभ हलवून म्हणाला, "पा... पानी."

मला वाचवलं त्याने! आता? तेव्हा दारात जीभ होती ना धडधाकट? अंगाची आग झाली माझ्या.

भावाने ब्रश कोमट पाण्यात भिजवला, हलक्या हाताने फेस लावला. बाबाने गाल पुढे केला — लहान पोरासारखा.

दुसऱ्या दिवशी भाऊ नागपूरला गेला. मी ब्रश उचलला. तो अजून मऊ होता. मी त्यावर साबण चोळला आणि उन्हात नेऊन ठेवला.