चोवीस फुटांचा उतार

आमचे हे विद्यापीठात सुतार आहेत. घरातलं जेवणाचं टेबल चार वर्षं डुगडुगतंय, त्याच्या पायाखाली कागदाची घडी मी सरकवते. पण तिथल्या सभागृहात एक खुर्ची जरी कुरकुरली, तरी यांना घास गोड लागत नाही.

विद्यापीठात दरवर्षी ‘सगळ्यांना सामावून घेऊ’ असा सप्ताह असतो. भाषणं, चित्रं, वेगवेगळ्या भाषांतली गाणी. फलक हेच टांगतात. गेल्या वर्षी त्याच फलकाखाली चौघांनी एका विद्यार्थिनीला तिच्या व्हीलचेअरसकट उचलून मंचावर ठेवलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! मुलीने मात्र मान वर केली नाही. हे घरी आले ते तोंड पाडूनच. “त्या पायऱ्या मी केल्यात,” एवढंच म्हणाले.

या वर्षी उद्‌घाटनाचं भाषण तिच्याकडे आलं. उचलणार असाल तर येणार नाही, असं तिने साफ कळवलं. यांनी लगेच फळ्या कापून दहा फुटांचा उतार ठोकला. कामाची परीक्षा घ्यायची यांची एक ठरलेली पद्धत आहे. ढकलगाडीवर चाळीस खुर्च्या रचायच्या आणि दोघांनी ती वर चढवायची. गाडी चढली. यांनी ऐटीत मुलीला बोलावलं.

तिने उतार खालपासून वरपर्यंत पाहिला. “काका, सामानासाठी छान आहे. पण मला मागून ढकलणारं कुणी नको आहे.”

घरी येऊन यांनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, “मुलगी भलतीच फटकळ दिसते.”

तर माझ्यावरच उखडले. “खरं तेच बोलली. मी गाडी चढवून बघितली. माणूस चढवून बघितलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी मुलीलाच विचारून यांनी माप घेतलं: एक फूट चढायला बारा फूट लांबी. पण नवा उतार ठोकण्याआधी दवाखान्यातून व्हीलचेअर मागून आणली आणि मला त्या जुन्या उतारापाशी उभं केलं.

“बस. हाताने चाकं फिरव आणि चढ.”

“अहो, लोक बघतायत!”

“बघू देत.”

अर्ध्यावर माझे हात भरून आले, खुर्ची मागे घसरली. यांनी धरली म्हणून वाचले. मी यांना नाही नाही ते ऐकवलं. हे खाली बसून खडूने रेघा मारत होते.

मंच दोन फुटांचा, म्हणजे उतार चोवीस फुटांचा. तो नेमका पाहुण्यांच्या सोफ्यांच्या जागेत येत होता. कार्यक्रमाचे साहेब तडकले. “मग प्रमुख पाहुण्यांना बसवायचं कुठे?”

साहेबांसमोर यांच्या तोंडून कधी ‘हो’शिवाय शब्द फुटत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाले, “पाहुण्यांना चालता येतं, साहेब. चौथ्या रांगेत बसतील.”

संध्याकाळपर्यंत सोफे हलले.

कार्यक्रमाला मी शेवटच्या रांगेत जागा धरली. मुलीचं नाव पुकारलं गेलं. ती चढू लागली आणि मधेच थांबली. एक शिपाई मदतीला धावला, तर यांनी त्याचा दंड घट्ट धरला. माझा जीव टांगणीला. तिने दम घेतला, केस कानामागे सारले आणि स्वतःच्या हातांनी वर गेली. तोपर्यंत लोक गप्पा मारत होते, मोबाइल बघत होते. इतर वक्त्यांसारखीच ती माइकपाशी पोचली. टाळ्या पडल्या त्या भाषणाला.

बाहेर आल्यावर यांना विचारलं, “भाषण कसं वाटलं?”

“ऐकलंच नाही,” म्हणाले. डोळे लाल झाले होते. “चढताना एकानेही टाळी वाजवली नाही. बघितलंस ना?”

बघितलं होतं. या माणसाची बायको असल्याचा इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

घरी जेवायला बसलो, तर टेबल डुगडुगलं. मी कागदाची नवी घडी केली आणि मुकाट्याने पायाखाली सरकवली.