हलणारा सूर

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव त्याच्या बायकोला आठवत असेल तर असेल. बाकी सगळे त्यांना तिरपे म्हणत. गाण्याची तबकडी हातात आली की हे आधी तिला उजेडात तिरपी धरणार. सरळ धरतील तर शपथ! तिरपं धरलं की तबकडीच्या पोटातलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. कुठे चरा आहे, कुठे फुगवटा आहे, कोणी बोथट सुईने ती खरवडून ठेवलीय, सगळं. मग मधल्या कागदाशेजारच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला साच्याचा आकडा भिंगातून वाचायचा. त्यानंतर कुठे सुई टेकवायची. तोवर समोरच्याचा जीव टांगणीला.

निकाल देताना भीडभाड नाही. एकाने वर्षानुवर्षं शोधून मिळवलेली दुर्मीळ तबकडी आणली, तर तिरपे म्हणाले, "कव्हर झकास आहे. भिंतीवर लावा. आतली वस्तू कुंडीखाली ठेवायला बरी." माणूस तोंड पाडून गेला आणि पुढच्याच महिन्यात दुसरी तबकडी घेऊन हजर झाला. जाणार कुठे? असा कान दुसरा होता कुठे?

हा कान त्यांनी काही आईच्या पोटातून आणला नव्हता. तो दिला वहिनीने. आई गेली तेव्हा तिरपे एवढेसे होते. थोरल्या भावाचं लग्न झालं, वहिनी घरात आली आणि या पोराची आईच झाली. ती भांडी घासताना त्याला डोळे मिटून बसवायची. "सांग, आता काय वाजलं? पातेलं की परात? जिन्यावर कोण आलं? दमून आलंय की रागावून?" पोरगं हसत-खेळत ऐकायला शिकलं. वहिनी स्वतः मात्र कधी साधं गुणगुणलीसुद्धा नाही.

त्यामागची गोष्ट तिरप्यांना फार उशिरा कळली, तीही भावाकडून. वहिनी लग्नाआधी गायची आणि चांगली गायची. एका लहानशा कंपनीने तिची एक तबकडी काढली होती. तबकडी हातात पडल्याबरोबर ती धावत आपल्या गाण्याच्या मास्तरांकडे गेली. त्यांनी ती लावली, शेवटपर्यंत ऐकली आणि यंत्राचं झाकण मिटून म्हणाले, "सूर हलतोय तुझा. लांब सूर तुला पेलत नाही." झालं! पोरीने घरी येऊन आपल्याकडच्या सगळ्या प्रती रद्दीवाल्याला देऊन टाकल्या आणि गाण्याला जी पाठ दाखवली ती दाखवलीच. पुढे कंपनीही बुडाली.

भाऊ गेल्यानंतरही वहिनी वरच्या खोलीत राहत होती, आणि खाली तिरप्यांची कपाटं तबकड्यांनी भरत होती. लोकांना वाटायचं, काय हा छंद! बायको म्हणायची, "अहो, एक दिवस या घरात माणसांना बसायला जागा उरणार नाही." पण तिला माहीत होतं की नवऱ्याचा जीव एकाच तबकडीत अडकलाय. जुन्या बाजारात, बंद पडलेल्या क्लबांत, कुणाच्या माळ्यावर, जिथे जातील तिथे तिरपे तेवढी एक शोधत होते.

ती सापडली कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे! तोही तबकड्यांचा वेडा. एका जुन्या नाट्यगृहाच्या सामानात त्याला खोकंभर माल मिळाला, आणि त्यातली एक घेऊन तो दुकानात आला. "तिरपे, ही बघा. एकही चरा नाही. कोण बाई आहे कुणास ठाऊक, पण साच्यातून काढलेलं प्रेसिंग काय चकचकीत आहे!"

तिरप्यांनी तबकडी तिरपी धरली आणि मधल्या कागदावर वहिनीचं माहेरचं नाव वाचलं. खरंच चरा नव्हता. त्यांनी सुई टेकवली आणि डोळे मिटले. आवाज आला, भरलेला, मोकळा, तरुण. आणि लांब सूर लागताच तो हलला. वर, खाली, परत वर. तिरप्यांना खुर्चीत बसवेना. मास्तर खरंच बोलले होते तर?

त्यांनी डोळे उघडले आणि सवयीने सुई धरणाऱ्या, यंत्राच्या हाताकडे पाहिलं. हात डुलत होता. डावीकडे, उजवीकडे, पाळण्यासारखा. तिरप्यांनी कान टवकारले. सुराबरोबर मागचा पियानोही हलत होता.

"बाद!" ते जवळजवळ ओरडलेच. "प्रेसिंग बाद आहे! भोक मध्यावर नाही!"

बेकरीवाल्याचा चेहरा उतरला. भोक केसभर बाजूला पडलं की तबकडी वाकडी फिरते आणि सूर वर-खाली होतात, आणि साचाच तसा असला की सगळ्या प्रती तशाच निघतात, हे त्यालाही ठाऊक होतं. असली तबकडी तिरपे कपाटात ठेवत नसत.

"मला दे ही," तिरपे म्हणाले. "माझ्या कपाटातली हवी ती घे."

"बाद म्हणता आणि वर बदल्यात हवी ती?" त्याने चेष्टा म्हणून तिरप्यांची सगळ्यात लाडकी तबकडी मागितली. तिरप्यांनी ती लगेच काढून दिली. मग भिंगं घासायच्या मेजावर बसून त्यांनी बारीक गोल कानस उचलली.

"अहो, अहो! काय करताय?" बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला. तबकडीला हत्यार लावणारा माणूस म्हणजे कसाई, असं हेच तिरपे उभ्या जन्मात सांगत आले होते. आता तेच भोक घासत बसले होते. भिंगाचा मध्य साधण्यात आयुष्य गेलं होतं, हात चुकणार नव्हता. पण भोक मोठं केल्यावर तबकडी यंत्रावर हवी तशी सरकवता येईल, एवढंच त्यांना माहीत होतं. नीट बसवूनही सूर हललाच तर? मग वहिनीची जुनी जखम आपण आपल्या हाताने उघडली, असं होणार. तबकडी आधी एकट्याने लावून बघावी, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते केलं नाही. तिच्या आधी तिचा निकाल आपण ऐकावा, हे त्यांना बरं वाटेना.

यंत्र उचलून ते वर गेले आणि तबकडी मुद्दाम आधीसारखीच वाकडी लावली. पहिल्याच ओळीला वहिनी ताठ झाली.

"बंद कर ते, धाकट्या."

"वहिनी, एकदाच. गाण्याकडे नको, पियानोकडे कान दे."

लांब सूर आला, हलला. वहिनीने तोंड फिरवलं. आणि मग हळूहळू तिची मान परत वळली. कान तिचाच होता, शेवटी.

"पियानो कसा हलेल?" ती म्हणाली. "तारा ताणून बसवलेल्या असतात. पियानो कसा हलेल रे?"

तिरप्यांनी सुई उचलली. तबकडी बोटाने जराशी ढकलली, फिरवून पाहिली, परत ढकलली, सुईचा हात डुलायचा थांबेपर्यंत. मग गाणं पहिल्यापासून लावलं. लांब सूर आला आणि उभा राहिला. सरळ, शेवटपर्यंत. मागे पियानोही गपगुमान जागेवर.

वहिनी रडली. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने रडली. "मी चुकले नव्हते," ती म्हणाली. "अरे, मी चुकलेच नव्हते!" आता त्या मास्तरांना काय म्हणावं? अख्खा पियानो डोलत होता तेव्हा यांनी कान कुठे गहाण टाकले होते? बोट दाखवायला समोर एक पोरगी होती, बस्स.

"परत लाव," डोळे पुसून वहिनी म्हणाली. या वेळी ती मान खाली घालून, बोटाने मांडीवर ताल धरून ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला. "थांब, थांब. दुसऱ्या कडव्यात श्वास मध्येच घेतलाय, शब्द तुटला. ऐकलंस? ही मात्र माझी चूक."

"कुठे? मला नाही कळलं," तिरपे म्हणाले, आणि ते खरं होतं.

"तुला नाही कळलं? एवढा मोठा कानवाला तू? अरे, श्वास आधी भरून घ्यायचा आणि मग ओळ एका दमात न्यायची. अशी."

आणि तिने ती ओळ गाऊन दाखवली. आपण गातोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. तिरप्यांची बायको काहीतरी विचारायला जिना चढून आली होती, ती दारातच थबकली. आवाज जुना झाला होता, खरखरत होता, वर जाताना फाटला. ओळीच्या शेवटी लांब सूर होता. तिरप्यांनी डोळे मिटले. सूर हलला नाही.